रकाना

निवृत्तीला अकरा दिवस उरलेत.
सडा, बोगदा, जेटी, हीच माझी बीट,
एकतीस वर्षं.
माणसांपेक्षा मीटर जास्त ओळखतो मी:
कुठल्याच्या काचेमागे कोळ्याचं जाळं,
कुठल्याच्या खाली दरसाल कुत्री विते,
कुठला आकडा बदलताना जरासा अडखळतो.

इथे रीडिंग घेण्याआधी काच पुसावी लागते.
धक्क्याला जहाज लागलं असेल तर दोनदा.
बोटाला येतो तो कोळसा,
समुद्रापलीकडून आलेला, वाघिणींत बसून
घाटावर निघालेला,
आणि वाटेत थोडा थोडा आमच्याकडे उतरून राहिलेला.
उशीच्या अभ्र्यात. मिठाच्या बरणीत.
माझ्या वहीच्या समासात.
खात्याने हातात मशीन दिलं तरी वही मी सोडली नाही,
तिची जुनी पानं अंगठ्याच्या ठशांवरून सापडतात.

एस्मेराल्डाबायच्या छपरावर
नाताळाच्या आधी आठ पॅनेलं चढली.
तिचा आग्नेल बंदरात क्रेनवर होता,
बावीस वर्षं कोळसा उपसला त्याने,
मग छातीने नाही म्हटलं.
त्याच्या फंडाचे पैसे बँकेत पडून होते,
ती हात लावत नव्हती.
आता ते पैसे निळे होऊन
उन्हात उताणे पडलेत.

नव्या मीटरवर दोन बाण असतात.
पणजीला एसीत बसवून आम्हाला शिकवलं:
आत आलेली वजा बाहेर गेलेली.
मी मान हलवली. चहा बरा होता.
पण तिच्या पडवीत उभा राहिलो आणि पेन थांबलं.
एकतीस वर्षं माझ्या वहीत एकच रकाना:
घेतलं.
घर काही देऊ शकतं, हे लिहायला जागाच नव्हती.
पट्टी नव्हती जवळ. वाकडीतिकडी रेघ मारली,
वर लिहिलं: दिलं.

मार्चात आकडा निम्म्यावर आला.
"सारकें पळय रे उल्हास," ती म्हणाली,
जणू चूक माझ्या चष्म्याची.
शिडी लावून वर गेलो.
पॅनेलांवर काळी साय.
बोट ओढलं तर मागे
एक निळी रेघ उघडली, बोटाएवढीच.
खाली येऊन हात दाखवला.
तिने तो बराच वेळ पाहिला.
"हा आग्नेल," म्हणाली.
"ड्युटीवरून आला की असाच दारात उभा राहायचा.
आधी पाय धू, सांगायचे मी."

तेव्हापासून दर आयतवारी, मीस आटोपून,
चांगली साडी बदलून
बादली नि फडकं घेऊन ती वर चढते.
सत्तरीला आलीय. शेजारचे ओरडतात.
ती पुसते, आणि पुसताना बोलते कुणाशीतरी.

माझी मुलगी मोल्याला दिली आहे.
तिथे झाडांवर पिवळ्या रंगाने आकडे घातलेत,
नवी लाइन जायची म्हणून.
मी आकड्यांचा माणूस, तरी ते वाचवले नाहीत.
जावई म्हणतो, वीज स्वच्छ असेल पुढे.
असेल.
तार मात्र कुठून तरी न्यावीच लागते.

माझ्या स्वतःच्या कौलांवर फणसाची सावली पडते.
पॅनेलवाला पोरगा आला होता, मोजमाप करून गेला,
जाताना म्हणाला, काका, झाड काढलं तर जमेल.
बघू, म्हटलं.
फणस या वर्षी खोडापासून लगडलाय.
बायको विचारते, काय ठरलं?
अजून बघतोच आहे.

आज पहाटे जहाज लागलं.
एस्मेराल्डाबाय आयतवार नसताना वर होती,
काळं पाणी पन्हळीतून माझ्या चपलांशी आलं.
काच दोनदा पुसली.
घेतलं: ९६.
दिलं: ११४.
पान उलटलं तर समासात
अंगठा उमटला होता.